डासघरातले भाऊजी

माझ्या ताईचा नवरा पगार घेऊन डासांना रक्त पाजायचा. लोकांचे भाऊजी मास्तर असतात, ड्रायव्हर असतात, दुकानात बसतात. चारचौघांत सांगता येतं. माझ्या भाऊजींचं कुणी विचारलं की मी म्हणायची, संशोधन केंद्रात आहेत. खोटं नव्हतं ते. केंद्रातच होते, पिंजऱ्यात हात घालून बसलेले.

ही नोकरी त्यांनी बावीस वर्षं केली आणि एकदाही कुरकुरले नाहीत, याचाच मला राग. माणसाने इतकंही सोशिक असू नये. चिडका माणूस मला कळतो, रडका कळतो, लबाड तर दारातच कळतो. पण कुणी काहीही बोललं की खाली बघून नुसतं ‘बरं’ म्हणणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. त्यातून मला त्या केंद्रात टायपिंगची जागा मिळाली ती यांच्याच शब्दावर. कुणाला तरी जाऊन म्हणाले असतील, आमची मेहुणी हुशार आहे, नेमकं काम करते. म्हणजे ज्याला मी मनातल्या मनात बावळट म्हणायची, त्याचेच उपकार माझ्या डोक्यावर. ते मला कधी पचले नाहीत, आणि मी ते लपवायचाही प्रयत्न केला नाही. ताईसमोरच म्हणायची, भाऊजी, आज किती जणींना जेवू घातलंत? ताई हसायची. तेही हसायचे, आणि खरंच आकडा सांगायचे.

डासघर तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. दोन दारं, मध्ये जाळीचा पडदा, आत भिंतींना काळा रंग. तिथले डास अंधारात चावणारे, म्हणून दिव्यांची वेळ उलटी लावलेली: बाहेर लख्ख दुपार असली की आत रात्र. फळ्यांवर पंचेचाळीस पिंजरे, तारेच्या चौकटीवर ताणलेल्या जाळीचे, प्रत्येकाला हात घालायला एक कापडी बाही. खाली पांढऱ्या ट्रेमधल्या पाण्यात अळ्या वळवळत असायच्या. अळ्यांना बिस्किटाचा चुरा. नरांना साखरपाण्यात बुडवलेले कापसाचे बोळे. आणि माद्यांना भाऊजी.

डावा हात बाहीतून आत घालायचा, दहा मिनिटं हलायचं नाही, मग पुढचा पिंजरा. उजव्या हाताने तक्त्यावर लिहायचं. हे डास तिथेच जन्मलेले, त्यांच्यात रोग नव्हता, एवढीच काय ती मेहेरबानी. सुरुवातीची वर्षं त्यांचा हात सुजायचा, मग शरीरालाच कंटाळा आला असावा. खाज बंद झाली, मनगटापासून कोपरापर्यंत नुसते तपकिरी ठिपके उरले. केंद्रात त्यांना त्यांच्या नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळे त्यांना ‘हात’ म्हणायचे. हात आला का? हाताला सांगा, चार नंबरचा पिंजरा साफ करायचा आहे. शिकलीसवरलेली, मोठमोठ्या पदव्या लावणारी माणसं ही. आणि हे गृहस्थ त्या हाकेला ओ द्यायचे.

साबण त्यांनी बावीस वर्षांत अंगाला लावला नव्हता. साबणाचा वास असला तर माद्या हातावर बसत नाहीत, फिरतात आणि उपाशी राहतात. ताई म्हणायची, आमच्या घरात साबणाची वडी मी एकटी झिजवते. मी म्हणायची, तू कशी सहन करतेस? ती म्हणायची, वास नाही गं येत त्यांच्या अंगाला, कसलाच येत नाही. ते मात्र खरं होतं.

आता आमचे सर. केंद्राचे प्रमुख. मी त्यांना अत्तरवाले म्हणायची, अर्थात त्यांच्या मागे. चार वर्षं त्या माणसाने डासांच्या वासावर काम केलं आणि चार वर्षांत डासघराचा उंबरठा ओलांडला नाही. डास चावतील म्हणून. खाली येताना मानेला, कानांना मलम चोपडून यायचे. त्या मलमाच्या वासाने पिंजऱ्यातले डास बिथरायचे, मग भाऊजी हात जोडून त्यांना सांगायचे की सर, आपण दारातूनच बोला. आणि सर दारातून बोलायचे, टाचा उंच करून, भाषण दिल्यासारखे. ऐकायला कोण? हात.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की डास एकमेकांशी वासाने बोलतात. त्यात चूक काही नव्हतं, आणि ते त्यांनी शोधलेलंही नव्हतं. रक्त प्यायलेली मादी तीन-चार दिवसांनी पाणी शोधते. पाण्यावर उभं राहून दोनेकशे अंडी घालते, एकमेकांना चिकटवून, तांदळाच्या दाण्याएवढा तरंगणारा पुंजका. केंद्रात त्याला तराफा म्हणत. त्यातल्या एकेका अंड्याच्या टोकाला एक थेंब असतो, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल इतका. त्याचा वास पाण्यावरून पसरतो आणि बाकीच्या माद्यांना कळतं की इथे पाणी बरं आहे, कुणीतरी घालून गेलंय, आपणही घालावं. बायका नळावर एकमेकींना सांगतात ना, त्या कोपऱ्यावरच्या नळाला पाणी चांगलं येतं, तसलाच प्रकार.

सरांनी त्या थेंबाची नक्कल केली. एवढीशी तपकिरी शिशी, तिच्यात अर्क. विचार असा की हा अर्क पाण्यात घालायचा, त्याच पाण्यात अळ्या मारायचं औषध घालायचं. माद्या आपण होऊन येतील, अंडी घालतील, आणि अळ्या तिथेच मरतील. नाल्यांत फवारणी नको, धूर नको. विचार चांगला होता. चांगले विचार फुकट असतात.

परीक्षा अशी व्हायची. प्रत्येक पिंजऱ्यात दोन वाडगे ठेवायचे. एकात पाणी आणि अर्काचे तीन थेंब, दुसऱ्यात नुसतं पाणी. सकाळी तराफे मोजायचे. काचेची भांडी मागवली होती ती आलीच नाहीत, म्हणून मातीचे वाडगे. अर्ध्या वाडग्यांच्या तळाला भाऊजींनी लाल रंगाचा ठिपका दिला: ते अर्काचे. बिनठिपक्याचे साध्या पाण्याचे. आणि सरांनी दारातूनच फर्मान काढलं की अर्काच्या वाडग्यांना साबण लागता कामा नये, आणि अर्कासाठी जुनेच वाडगे घ्या, नवे कशाला खराब करता. झालं. जुने वाडगे म्हणजे कोणते? ज्यांत भाऊजी कित्येक महिने डासांची अंडी धरत होते ते. भाऊजींनी त्यांनाच लाल ठिपके दिले.

पुढची गंमत भाऊजींच्या नीटनेटकेपणाची. हा माणूस इतका व्यवस्थित की लाल ठिपक्याचा वाडगा चुकूनही दुसऱ्यात मिसळू द्यायचा नाही. लाल वाडगे नुसत्या पाण्याने विसळायचे, आणि साधे वाडगे मात्र घासून, उकळून, भट्टीत भाजून काढायचे. कारण साधं म्हणजे अगदी साधं पाहिजे. माती ती. जे पडेल ते पिते. लाल वाडगे महिनोन्‌महिने खऱ्या अंड्यांचा वास पीत राहिले आणि साधे वाडगे दर खेपेला कोरे होत राहिले. दहातले नऊ तराफे लाल वाडग्यांत. सर खूश. बातम्या, सत्कार, बाहेरून पाहुणे. पाहुण्यांना डासघर दाखवायला भाऊजी, आणि फोटोत सर.

तेवढ्यात सर आठ दिवसांसाठी परदेशी परिषदेला गेले आणि इकडे भाऊजींच्या हातून शिशी पडली. बेसिनमध्ये. टक्कन फुटली, तळाशी चमचाभर काय ते राहिलं.

दुसरा कुणी असता तर वर येऊन सांगितलं असतं की शिशी फुटली. नाही तर बेधडक थापा मारून मोकळा झाला असता. यांची पाचावर धारण बसली. परीक्षा तर थांबवायची नाही, सरांचा हुकूम. मग यांनी आठही दिवस लाल वाडग्यांत अर्काऐवजी साध्या पाण्याचे तीन थेंब टाकले, आणि तक्त्यावर लिहिलं, अर्क तीन थेंब. तराफे मात्र खरे मोजले. लाल वाडग्यांत एक्केचाळीस. साध्यांत चार. अर्क नाही तरीही.

आणि इथे मला एक गोष्ट कबूल करावीच लागते, कितीही जिवावर आली तरी. त्या अख्ख्या इमारतीत चार वर्षांत एकच प्रयोग धड झाला, आणि तो हाताने केला. त्यांनी कोरे करकरीत वाडगे आणले, अर्ध्यांत फुटक्या शिशीच्या तळाचा अर्क घातला, अर्ध्यांत पाणी. तीन दिवस मोजलं. दोन्हीकडे सारखेच तराफे. म्हणजे डास यायचे ते आधीच्या माद्यांच्या निरोपावर, खऱ्या थेंबांवर. सरांच्या अत्तराला त्यांनी ढुंकूनही विचारलं नव्हतं. हे सगळं त्यांनी रक्त पाजायच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलं.

आणि मला सांगितलं. चहाच्या सुट्टीत, जिन्याखाली, कागद पुढे करून. केंद्रात ते मला बाई म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे, घरी अगं-तुगं. त्या दिवशी जिन्याखालीच अगं म्हणाले, म्हणजे घाबरले होते.

त्यांना भीती शिशीची होती, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. पुढच्या महिन्यात सरांचं हे अत्तर केंद्रामागच्या वसाहतीत नेणार होते. चारशे घरं. दर घरामागे एक काळं मडकं, नवंकोरं, अर्क आणि औषध घातलेलं. आणि प्रयोग शुद्ध व्हावा म्हणून नाल्यांतली दर आठवड्याची फवारणी तीन महिने बंद. भाऊजींचं म्हणणं साधं होतं. नव्या मडक्यांना कसलाच वास नाही. माद्या तिकडे फिरकणार नाहीत, नाल्यातच घालतील जशा नेहमी घालतात, आणि नाल्यात या वेळी औषध नसेल. वसाहतीत याआधी दोनदा मेंदूज्वर येऊन गेला होता, याच डासांमुळे. आणि त्याच वसाहतीत तिसऱ्या गल्लीत ताई आणि ते राहत होते.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, भाऊजी, तुम्हाला तोंड आहे का नुसता हातच आहे? बावीस वर्षं मान खाली घालून राहिलात, आता तरी वर करा. जा आणि सांगा. तुमचं काम मी करणार नाही. असं बरंच बोलले. फार छान बोलले, मला अजून आठवतं. ते म्हणाले, सर आले की सांगतो. आणि मी वर गेले, आणि त्या आठ दिवसांचे आकडे अहवालात टाईप केले: अर्क तीन थेंब, तराफे एक्केचाळीस विरुद्ध चार. खालच्या कोपऱ्यात ‘तपासले’ असं छापलेलं असतं, तिथे माझी सही केली. म्हटलं, ते सांगणारच आहेत, मग बदलू. नेमकं काम करणारी बाई मी.

सर आले. भाऊजी तीनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. एकदा सर फोनवर होते, एकदा पाहुणे होते, एकदा, त्यांच्याच शब्दांत, सर जरा रागात दिसले. मी रोज विचारायची, सांगितलंत का, आणि रोज टोमणा मारायची. शेपूट घालणारा माणूस बघून मला एक प्रकारचं समाधान वाटायचं, हेही खरंच आहे. मी बरोबर आहे असं वाटायचं.

मडकी सोमवारी मांडायची होती. आदल्या शुक्रवारी बैठक झाली. सर, आरोग्य खात्याच्या अधिकारी बाई, आणि टिपणं घ्यायला मी. फवारणी बंद करायच्या हुकमावर त्या बाईंची सही व्हायची होती. कागद समोर होता, पेनचं टोपण काढलेलं होतं. दार वाजलं आणि भाऊजी आत आले. बाह्या दुमडलेल्या, हातात तो तक्ता. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

उभ्याने त्यांनी सगळं सांगितलं. शिशी कशी फुटली, पाण्याचे थेंब कसे टाकले, तक्त्यावर काय लिहिलं, कोऱ्या वाडग्यांत काय निघालं, जुन्या मातीत वास कसा राहतो. एकही गोष्ट मागेपुढे झाली नाही, एकही गाळली नाही, स्वतःची चूक सगळ्यात आधी सांगितली. मी त्यांना एका दमात इतकं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाले, मडकी खुशाल मांडा, पण नाल्यातलं औषध बंद करू नका.

सर भडकले नाहीत. भडकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं,

“म्हणजे आठ दिवस तुम्ही लिहिलंत अर्क, आणि घातलंत पाणी?”

“हो, सर.”

“मग तुमचं कुठलं लिहिणं मी खरं धरू? त्या तक्त्यावरचं, की त्याच तक्त्याच्या मागचं?”

 भाऊजी खाली बघायला लागले, नेहमीसारखे. मला तेवढ्यातही वाटून गेलं, बघा, झालं यांचं.

पण त्या अधिकारी बाई हुशार होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की हे तेव्हाच, शिशी फुटली त्या आठवड्यात, कुणाला सांगितलं होतं का. भाऊजी हातातल्या तक्त्याचा कोपरा सरळ करत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. नजर चुकवली असंही नाही. बघितलंच नाही, जणू मी त्या खोलीत नव्हतेच.

मग सरच म्हणाले, हे आकडे या बाईंनी तपासलेत. असं काही यांच्या कानावर असतं तर ते मला त्याच दिवशी कळलं असतं. या केंद्रात नेमका माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे या.

ज्या माणसाची मी चार वर्षं टर उडवली, ज्याच्या मलमाची, टाचांची, अत्तराची नक्कल करून मी अख्ख्या टायपिंगच्या खोलीला हसवलं, त्याच्या त्या एका वाक्याने माझे कान गरम झाले. सुखाने. मला आता त्याची शिसारी येते, पण तेव्हा सुखच झालं होतं.

अधिकारी बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या,

“तुम्हाला हे माहीत होतं का? माहीत असेल तर मी आत्ता सही करत नाही. फवारणी चालू राहील, आपण परत तपासू.”

इतकं सोपं होतं. ‘हो’ म्हणायचं होतं. फार तर सरांनी विचारलं असतं की मग तपासले म्हणून सही कशी केलीत. एवढंच. माझी नोकरीही गेली नसती बहुधा.

“नाही,” मी म्हणाले.

आणि भाऊजी लगेच म्हणाले, “नाही, यांना नव्हतं सांगितलं मी.”

बाईंनी सही केली.

भाऊजींना डासघरातून काढून फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायला. डासांसाठी रक्त गरम ठेवणारं यंत्र आलं. बावीस वर्षांच्या माणसाची जागा भरायला फार काही लागलं नाही. मी फाटकातून जाताना ते माझी वेळ वहीत लिहायचे आणि मान हलवायचे. मीही हलवायची. टोमणा मारायचं तेवढं बंद झालं. त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही, आणि या न विचारण्याचाही मला रागच आला. वाटायचं, एकदा तरी दोन शिव्या हासडाव्यात माणसाने.

वसाहतीत मडकी मांडली. काळी, देखणी, ओळीत. लोकांना ताकीद दिली की हात लावायचा नाही. लोकांनी लावला नाही, आणि डासांनीही लावला नाही. पहिल्या आठवड्यात चारशे मडक्यांत मिळून सहा तराफे. दुसऱ्यात नऊ. नाल्यात मात्र पाण्याला काळी साय धरल्यासारखे तराफे. सर म्हणाले, डासांना सवय व्हायला वेळ लागतो. हे वाक्य मीच टाईप केलं.

भाऊजींनी केंद्राकडे जुने लाल ठिपक्याचे वाडगे मागितले, निदान आपल्या गल्लीमागे ठेवीन म्हणून. ती केंद्राची मालमत्ता आहे असं उत्तर मिळालं. मग फाटकावरची पाळी संपली की ते चहाची गाळणी घेऊन नाल्याकाठी उकिडवे बसायचे आणि तराफे गाळून काढायचे. एका गाळणीने अख्खा नाला. गल्लीतले लोक हसायचे, कुणी विचारायचं काय मासे धरता का. मला ताईने हे फोनवर सांगितलं, तीही हसत होती. वैतागून म्हणाली, शिशी फोडली ती फोडली, आता वेड लागायची पाळी आलीय. दोन आठवडे मी तिच्याकडे गेलेच नव्हते. कामाचं निमित्त.

सहाव्या आठवड्यात ताप सुरू झाला. एकूण अकरा जण. टोकाच्या घरातला नळदुरुस्तीवाला पाचव्या दिवशी गेला. ताई सातवी किंवा आठवी असेल. आधी डोकं दुखतंय म्हणाली, मग ताप, मग दुसऱ्या दिवशी ती भाऊजींना ओळखेना. नऊ दिवस दवाखान्यात. वाचली. उजवा हात आणि उजवा पाय मात्र तिचे राहिले नाहीत, आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. एकेक शोधून आणावा लागतो.

फवारणी परत सुरू झाली. मडकी एका दिवसात उचलली. अहवालात लिहिलं की परिस्थिती प्रतिकूल होती. सरांना पुढच्या वर्षी याहून मोठं केंद्र मिळालं; निरोपाच्या दिवशी त्यांनी माझ्या नेमकेपणाचा पुन्हा उल्लेख केला. टाळ्या वाजल्या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, किती हलका माणूस आहे हा. पण हलकं म्हणायचंच झालं तर त्या सभागृहात आणखीही एक जण होतं.

ताई घरी आली त्यानंतरची गोष्ट. रविवारची दुपार. तिची खोली एवढीशी, खाट खिडकीला लावलेली, खिडकीला आता जाळी ठोकलेली. भाऊजींनी तिची वेणी घातली होती, वाकडीतिकडी; पुरुषाच्या हातची वेणी लगेच ओळखू येते. ते स्टुलावर बसून तिचे पाय ओल्या टॉवेलने पुसत होते. मी तिचा उजवा हात मांडीवर घेऊन चेपत होते. तो उचलला की उचलला जायचा, सोडला की पडायचा.

शिशी फुटल्याचं तिला माहीत होतंच, शेजारणींनी एव्हाना बाकीचंही सगळं सांगितलं होतं. नवऱ्याने शिशी फोडली ते भीतीने लपवलं, खोटं लिहिलं, आणि बोलला तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी उरलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. चिडली होती. इतक्या वर्षांत मी तिला त्यांच्यावर अशी चिडलेली पाहिली नव्हती. शब्द एकेक करून येत होते, मी वाट बघत होते, भाऊजीही बघत होते.

“मला नाही... साहेबांना नाही... निदान तुला तरी सांगायचं होतं यांनी,” ताई म्हणाली. “तू... गप्प बसली नसतीस.”

भाऊजींचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. म्हणजे मला सांगितलं होतं, हे त्यांनी तिलाही कळू दिलं नव्हतं. त्या बैठकीत कुणाला नाही, दवाखान्यातल्या नऊ दिवसांत नाही, घरी आल्यावर बायको तोंडावर भित्रा म्हणाली तेव्हाही नाही. आणि आताही ते बोलणार नव्हते. ते मला जागा करून देत होते, एवढंच. मला हवं असेल तर.

ताई माझ्याकडे बघत राहिली. तिला उत्तर पाहिजे होतं.

“हो ना,” मी म्हणाले. “मला सांगायला हवं होतं त्यांनी.”

भाऊजींनी टॉवेल पाण्यात बुडवला, पिळला आणि तिचा दुसरा पाय पुसायला घेतला.